घड्याळावर घेतलेली लाइन

प्रिय बारक्या,

हे पत्र सामानाच्या गाडीच्या ड्रायव्हरने तुझ्या हातात दिलं असेल. मी त्याला बजावलंय की हातातच द्यायचं, ऑफिसच्या टेबलावर टाकून निघून जायचं नाही. तर आता जिथे असशील तिथे खाली बस आणि सगळं वाच. तुझं आजवरचं वाचन म्हणजे पहिली ओळ, शेवटची ओळ आणि मधलं सगळं अंदाजाने. या वेळी तसं करू नकोस. सोमवारी तू पहिल्यांदा एकट्याने खांबावर चढणार आहेस, आणि हे पूर्ण वाचल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही. फोनवर सांगितलं असतं, पण त्या डोंगरात रेंज असते तेव्हा तू कामात असतोस आणि तू मोकळा असतोस तेव्हा रेंज नसते. शिवाय मी दोन वाक्यं बोलले की 'ताई, भाषण नको' म्हणून फोन ठेवून देतोस. मला माझ्या स्वभावाची कल्पना आहे. पण या वेळी भाषण नाही, जीव टांगणीला लागलाय माझा.

घड्याळाचं आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. पहिल्या पगारातून बाबांच्या आठवणीत एक घड्याळ घ्यायचंय, ताई, तूच निवड, असा तुझा निरोप आला तेव्हा मी लॅबमध्ये एका बाईंच्या दंडाला पट्टा बांधत होते. डोळे असे भरून आले की शीर दिसेना. त्या बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं त्यांच्याच रिपोर्टमध्ये काहीतरी भयंकर निघालंय. दिवसभर लोकांचे हात बघणं हाच माझा धंदा, त्यामुळे मनगट बघून कोणाला कसलं घड्याळ शोभेल हे मला डोळे मिटून सांगता येईल, असा माझा समज होता. तुझ्या अटी दोनच. बाबांच्या घड्याळासारखं हवं आणि वेळ अगदी नेमकी दाखवणारं हवं, कारण ते कामाला लागतं. पहिल्या अटीने मी हळवी झाले, दुसरीकडे लक्षच दिलं नाही. वाटलं, वेळेवर हजर व्हायला लागत असेल. तू आणि वेळेवर. मला बरंच वाटलं.

आईला घेऊन दुकानात गेले आणि तिथेच आमची जुंपली. दुकानदार सज्जन माणूस, काचेवर मऊ कापड पसरून एकेक घड्याळ मांडत होता. मी म्हणत होते बाबांचं गोल होतं, पांढऱ्या तबकडीचं, काळ्या पट्ट्याचं. आई म्हणत होती चौकोनी, आणि पट्टा स्टीलचा. मी म्हटलं, अगं, मी रोज त्यांच्या हाताला धरून शाळेत जायचे. ती म्हणाली, मग मी काय शेजारच्यांच्या घरात राहत होते? दुकानदाराने समजुतीने दोन्ही प्रकार पुढे सरकवले, तर आम्हाला दोघींनाही दोन्ही पटेनात. तुला सांगते, त्या काचेसमोर उभी असताना मला फार लाज वाटली. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली आणि त्याच्या हातावर काय होतं ते बायकोला नि मुलीला धड सांगता येऊ नये. घरी येऊन सगळे फोटो काढले. प्रत्येक फोटोत बाबा हात मागे बांधून उभे, साहेब तपासणीला आल्यासारखे. आणि बाबा लाइनवर काम करताना शॉक लागून गेले तेव्हा ऑफिसने त्यांच्या वस्तू परत दिल्या, त्यात पाकीट होतं, किल्ल्या होत्या, पक्कड होती, डबासुद्धा धुऊन दिला होता. घड्याळ नव्हतं. डोंगरात कुठेतरी पडलं असेल म्हणून आपण कधी विचारलंही नाही.

मग मला ऑपरेटरकाका आठवले. बाबांचे सख्खे म्हणावेत असे दोस्त, सबस्टेशनमध्ये रोज ज्यांच्या हातात बाबांचा जीव असायचा ते. लाइन बंद करायची काकांनी, परमिटचा कागद द्यायचा काकांनी, आणि खाली उतरून बाबांनी तो स्वतः परत केल्याशिवाय काकांनी लाइन चालू करायच्या हँडलला बोट लावायचं नाही. हे तुला मी सांगायची गरज नाही, पण मला ते परवा पहिल्यांदा नीट कळलं. काका आता निवृत्त आहेत, खूप वाळलेत. तू बाबांच्या जागी लागलास याचं त्यांना कोण कौतुक. स्वतः चहा केला, बिस्किटं काढली, तुझ्या लहानपणीच्या खोड्या काढून हसले. मी घड्याळाचं विचारलं तर हसणं थांबलं. कशाला हवंय, म्हणाले. मी तुझा सगळा निरोप सांगितला, आणि शेवटी तू मजेत जे म्हणाला होतास तेही सांगितलं, की इकडे सगळे घड्याळावरच लाइन घेतात, म्हणून भारीतलं हवं. काकांनी कप खाली ठेवला आणि उठून आत गेले. दार लावून घेतलं. मी बाहेर बसून राहिले, चहा गार झाला. म्हातारा माणूस, आत काही झालं तर काय, म्हणून मी दार वाजवायला उठणार तेवढ्यात ते बाहेर आले. हातात घड्याळ होतं.

गोल, पांढरी तबकडी, काळा पट्टा. एक क्षण मला फक्त एवढंच वाटलं की माझंच बरोबर होतं, आता आईला सांगते. माणसाचं मन किती नालायक असतं बघ. मग डोक्यात आलं, की हे काकांच्या घरात कसं?

बारक्या, आता हळूहळू वाच. आपल्याला सांगितलं होतं की बर्फाच्या कारखान्याचा जनरेटर सुरू झाला आणि त्याचा करंट उलटा लाइनवर आला. चौकशीतही तेच लिहिलंय. तू त्या कारखान्याच्या काचा फोडल्यास, आई अजून त्या रस्त्याने जात नाही, वळसा घालून भाजी आणते. ते खोटं आहे. जनरेटरने काही झालं नाही. त्या दिवशी परमिट नव्हतंच. बाबा आणि काका घड्याळावर, म्हणजे नुसत्या तोंडी ठरवलेल्या वेळेवर विसंबून काम करत होते. डोंगरावर जाऊन यायचं, कागद भरायचे, पुन्हा खाली येऊन सही करायची, यात दिवस जातो म्हणून दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं. चारला लाइन पुन्हा चालू करतो, म्हणाले काका. त्याआधीच उतरतो, म्हणाले बाबा. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं होतं, सगळेच करत होते, त्यात फुशारकी होती. तुझा माझ्यावर विश्वास आहे ना, मग कागद कशाला? आणि घड्याळावर घेतलेल्या लाइनवर अर्थिंगही, म्हणजे चुकून आलेला करंट जमिनीत उतरवणारी तारही, कोणी लावत नाही, कारण लावण्या-काढण्यातच निम्मा वेळ जातो. काकांनी सबस्टेशनच्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलेले पाहिले. चारनंतर थोडं थांबलेसुद्धा. मग हँडल टाकलं. बाबांच्या हातातल्या घड्याळात अजून चार वाजले नव्हते. सेल उतरत आला होता, घड्याळ मागे पडत होतं, आणि त्या घड्याळाकडे बघून आपले बाबा निवांत काम करत होते.

सगळ्यांत आधी धावत पोचले ते काकाच. त्यांनी बाबांच्या हातातलं घड्याळ काढलं, आपल्या घड्याळाशी लावून पाहिलं आणि खिशात टाकलं. जनरेटरचं नाव त्यांनीच पुढे केलं. आता त्या घड्याळाचे काटे कुठे थांबलेत त्याला काही अर्थ नाही, सेल नंतर कधीतरी खोक्यात पडल्यापडल्या संपला. काका रडत होते आणि मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं, ओरडलेही. तुम्ही आमच्या घरी येऊन जेवत होतात, म्हटलं, आईच्या हातचं वाढून घेत होतात. पण खरं सांगू, निम्मा राग बाबांवर होता. मेलेल्या माणसावर रागावायचं कसं ते कोणी शिकवत नाही. घरात साधा बल्ब बदलायचा तर मेन स्विच बंद करून आपल्या दोघांना पहाऱ्यावर उभं करणारा हा माणूस. त्याने तिकडे दोस्तीखातर हे करावं?

आणि मग तुझी दुसरी अट मला समजली. तू वेळेवर हजर व्हायला घड्याळ मागितलं नव्हतंस. तुला बाबांच्या आठवणीत, बाबांच्या घड्याळासारखं घड्याळ हातात बांधून, बाबा गेले तसंच काम करायचं होतं, आणि ते घड्याळ मी स्वतः निवडून, सुरेख डबीत घालून तुला पाठवणार होते. तिथे तुझे सीनियर चांगले असतील, तुला जीव लावत असतील, बाबांचा मुलगा म्हणून पाठ थोपटत असतील. काकाही चांगलेच होते. म्हणून हात जोडून सांगते, घड्याळावर लाइन घेऊ नकोस. परमिटचा कागद हातात आल्याशिवाय आणि स्वतःच्या हाताने अर्थिंग लावल्याशिवाय वर जायचं नाही. हसतील तुला. भित्रा म्हणतील, बाबांचं नाव घेऊन टोमणे मारतील. मारू देत. तुझी कातडी जाड आहे, मी लहानपणापासून टोचून टोचून केलीय.

दुकानदाराने माझ्यासाठी दोन घड्याळं बाजूला ठेवली होती, दोन्ही काळ्या पट्ट्याची, दोन्ही काट्याला काटा नेमकी. काल गेले आणि दोन्ही परत सरकवली. एक पातळ, सोनेरी कडेचं घेतलं. त्यात आकडे नाहीत, सेकंदकाटा नाही, नुसत्या चार रेघा. दुकानदार म्हणाला, ताई, हे समारंभात मिरवायला, कामाला जाणाऱ्या मुलाला याचा काय उपयोग, यात वेळ साधारणच कळते. मी म्हटलं, साधारणच कळू दे. ते आईच्या कपाटात आहे. पाठवणार नाही. सुट्टीला येशील तेव्हा बांध, उशिरा उठ, उशिरा जेव, मी काही बोलणार नाही.

आता हे पत्र घाईने का लिहिलं ते. आज सकाळी मी आणि ऑपरेटरकाका तुमच्या मोठ्या साहेबांकडे जाऊन सगळं लेखी देऊन आलो. सही आधी काकांनी केली, त्यांचं पुढे काय होईल ते त्यांना ठाऊक आहे. साहेब सोमवारी सगळ्या सेक्शनला बोलावणार आहेत, पण साहेबांचा सोमवार दुपारी उजाडतो आणि तू सकाळीच चढशील, म्हणून हे आधी तुझ्या हातात पडायला हवं होतं. यापुढे तुमच्यातल्या कोणालाच घड्याळावर लाइन मिळणार नाही, आणि ते कोणामुळे, हे सगळ्यांना कळेल. बर्फवाल्याचं नाव पुसलं जाईल आणि तिथे बाबांचं लिहिलं जाईल, स्वतःच्या चुकीने गेले म्हणून. ऑफिसातल्या भिंतीवरचा त्यांचा फोटो, ज्याच्याखाली उभा राहून तू हजर होण्याच्या कागदावर सही केलीस, तो बहुतेक उतरवतील. तू माझ्यावर भयंकर चिडशील, बाबांची बदनामी स्वतःच्या मुलीने केली म्हणशील. म्हणून साहेबांकडे जायच्या आधी मी आईला सगळं सांगितलं आणि विचारलं, जाऊ का, बाबांचा तो फोटो उतरवतील. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तुझाच शर्ट होता हातात. ती घडी तिने पुरी केली. मग आपल्या घरातल्या बाबांच्या फोटोकडे बघून म्हणाली, जा तू. या भिंतीवर एक आहे तेवढा पुरे.

चिडलास तरी तुझीच,
ताई