खायला थोडंच मागतंय

प्रिय गबाळ्या,

हे नाव वाचून कपाळाला आठ्या घालू नकोस. लग्न मोडलं म्हणून टोपणनाव मोडत नाही. माझं अक्षर छापल्यासारखं असतं म्हणून चिडवायचास ना, आता हे बघ कसं वाकडंतिकडं आलंय. तरी समास सोडलाच आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आवाज गेले रे. सगळे. गळ्याच्या आजाराच्या माणसांकडून आपण दोघांनी दर भेटीला तोच एक उतारा वाचून घेतला, आवाज कसकसा बसत जातो ते पाहायला, ती मूळ रेकॉर्डिंग्ज आता कुठेच नाहीत. चोरी झाली नाही, आग लागली नाही. मी आवरायला बसले होते. हस, हसून घे. एकाच नावाची दोन फोल्डर दिसली, दोन्हींत त्याच फाइली, त्याच क्रमाने. दुहेरी पसारा मला बघवत नाही, हे तुझ्याइतकं कोण जाणतं? एक उडवलं. उरलेल्यात नुसते शॉर्टकट होते, म्हणजे दारावरच्या पाट्या. घरं दुसऱ्यात होती.

बॅकअप होता की! मीच लावलेला. पण इकडे पुसलं की तिकडेही आपोआप पुसायचं, अशी त्याला शिस्त. जुनी प्रत कुणी चुकून वापरू नये म्हणून. कचरापेटी आपोआप रिकामी व्हायची, तीही शिस्त माझीच. माझ्या लक्षात आलं तेव्हा दोन्हीकडे लख्ख झालं होतं. गेलेला डेटा परत काढून देणारा एक माणूस बोलावला. त्याने बराच वेळ खटपट केली आणि शेवटी मलाच चहा पाजून निघून गेला. त्यावरून काय ते समज.

गाइड सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, आवाजांवरून काढलेले आकडे तर आहेत, त्यावर निभावून नेऊ. कसं नेणार? परीक्षकाने मूळ आवाज मागितला तर काय ऐकवू? माझा प्रबंध बुडाला, हे मला कळतंय आणि त्यांनाही. पण खरं सांगू, प्रबंधासाठी मी रडत नाही.

आपले कंडक्टरकाका आठवतात? उतारा संपला की माईकसमोरच म्हणायचे, "चला, पुढे सरका, मागे जागा करा." तू हसायचास आणि मी डोळे वटारायचे, रेकॉर्डिंग खराब झालं म्हणून. त्यांचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. परवा काकू आल्या होत्या, हातात फोन घेऊन. म्हणाल्या, "बाई, यांचं ते वाचलेलं ह्यात घालून द्या. घरात फार शांत झालंय." काका बाजूला उभे होते. मला बघून त्यांनी हाताने खूण केली, पुढे सरका अशी. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात या, काढून ठेवते. असं धडधडीत खोटं मी बोलले. मला त्यांना 'नाही' म्हणता आलं नाही रे, आणि आता तो आठवडा अंगावर येतोय.

कालपासून तुझा तो मोडका पंखा आठवतोय. आई येणार म्हणून मी तो टाकायला सांगितला होता. टाकला का, असं आईने विचारल्यावर तू 'हो' म्हणालास आणि हसलास. दिवाळखोर माणसासारखं, काही गमवायचंच नसल्यासारखं. पुढे तो माळ्यावर सापडला. तुझं उत्तर ठरलेलं: असू दे, खायला थोडंच मागतंय? या एका वाक्यावर आपण किती भांडलो. शेवटी घर सोडून गेलास तेव्हा तुझी खोकीच आधी गेली.

आता कशासाठी लिहितेय ते सांगते. तू ही नोकरी सोडलीस तेव्हा नियमाचा कागद मीच पुढे केला होता, आपल्याजवळच्या रेकॉर्डिंगच्या सगळ्या प्रती पुसल्या म्हणून. दोनदा विचारलं. तू सही केलीस आणि तसाच हसलास. गबाळ्या, मी पदर पसरते, ती सही खोटी असू दे. त्या खोक्यांत, जुन्या लॅपटॉपमध्ये, कुठेतरी ते आवाज पडलेले असू देत. तुझ्यावर बालंट येऊ नये म्हणून ऑफिसच्या मेलवर लिहिलं नाही. प्रत माझ्याच कपाटात होती, नियम मीच मोडला, असं मी सगळ्यांना सांगेन. नोकरी गेली तर जाऊ दे. आणि खरंच पुसलं असशील, आयुष्यात एकदाच माझं ऐकलं असशील, तर उत्तर पाठवू नकोस. निदान वाट तरी बघता येईल.

तुझीच,
हेडबाई