वरच्या तोंडाचं पाणी

दि. ४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझी विधिमंडळाची समिती आमची उपसा योजना बघून गेली, पण माझी धडधड अजून थांबलेली नाही. सरकारचा निधी कुठे मुरला ते तपासायला आठ आमदार, आणि त्यांत माझी सख्खी बहीण! मी तुझ्याकडे बघायचंच टाळलं. बघितलं असतं तर हसू आलं असतं.

पण कसं झालं सांग! वरच्या शेतांतलं पाइपाचं तोंड उघडलं आणि धो धो पाणी आलं की नाही? अध्यक्षांचे बूट भिजले, तरी ते खूश. पाणीवापर संस्थेचा चिटणीस म्हणून मी पाच वर्षं घासतोय, त्याचं चीज झालं. ठेकेदाराने तर मला मिठीच मारली. आता तुमच्या अहवालात ‘काम पूर्ण’ एवढं आलं की मी सुटलो.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

दि. ९ मार्च

माझ्या लाडक्या भाचीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी माझ्या बांधावर उभी होतीस, पण धड दोन शब्द बोलता आलं नाही. मोठी माणसं बरोबर होती, म्हणून मीही लांबूनच बघितलं. वाळली आहेस.

तुम्ही गेलात आणि पाणीही तुमच्याच गाडीत बसून गेलं बघ. माझी लिंबाची रोपं पुन्हा माना टाकून उभी आहेत. धाकट्याने तुमच्यासाठी दोन दिवस खालच्या सगळ्यांचं पाणी बंद ठेवलं होतं, तेव्हा कुठे वर चढलं. एरवी तो पंप माझ्यापर्यंत पोचतो कुठे? खालच्या शेतातला न्हावी अजून माझ्याशी बोलत नाही. पण पोराला रागावू नकोस गं. चारचौघांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून केलं त्याने.

गुडघ्यांचं विचारू नकोस. प्रकृतीला जप, आणि म्हातारीची आठवण ठेव.

आत्या

दि. १३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आत्याचं पत्र आलं. तिला वाटलं ती तुझी बाजू घेते आहे.

गाढवा, आम्ही पाहुणे होतो का? पाहुणे येणार म्हटलं की आई हाताला लागेल ते पलंगाखाली सारायची, आणि मग चष्मा पडला म्हणून काका नेमके तिथेच वाकले होते, आठवतं? तू तिचाच मुलगा. पण आम्ही पसाराच बघायला आलो होतो रे! म्हणजे मंजूर झाला त्यापेक्षा लहान पंप बसवलाय, आणि ते दिसू नये याची सोय तू केलीस. ठेकेदाराने मिठी मारली तेव्हा तरी डोकं चालवायचंस. ‘काम पूर्ण’ म्हटलं की तो शेवटचा हप्ता घेऊन जाईल, आणि वरच्या शेतांसाठी पुन्हा कोणी निधी देणार नाही. आत्याची रोपं गेलीच म्हणून समज.

पुढच्या बुधवारी अहवालावर सह्या आहेत. तू माझा भाऊ आहेस हे मी पहिल्याच दिवशी अध्यक्षांना सांगितलं होतं, त्यामुळे तुमच्या योजनेवर माझी सही नाही. पण गप्पही बसणार नाही. त्याआधी तू स्वतः त्यांना फोन करावास असं फार वाटतं. चिटणीसपद जाईल. मला त्याचं वाईट वाटतंच आहे, पत्र तीनदा फाडलं.

रागावलास तरी उत्तर पाठव. माया तसूभरही कमी झालेली नाही.

तुझी
ताई

दि. ३० मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर फुगून बसलो होतो. मग आत्याकडे गेलो. ती घागरीने एकेका रोपाला पाणी घालत होती, आणि मला बघून म्हणाली की तुझी समिती पुन्हा कधी येणार, तेवढंच झाडांना पाणी. तिथूनच अध्यक्षांना फोन लावला.

ते न कळवता आले. मी पंपघरात शिडीवर, हात ग्रीसने काळे. या वेळी खालच्यांच्या व्हॉल्व्हला हात लावला नाही. वरच्या तोंडातून करंगळीएवढी धार आली. अध्यक्षांनी तिच्याखाली आत्याची बादली ठेवली आणि दगडावर बसून राहिले. आत्याने त्यांना आपल्या गुडघ्यांचा सगळा इतिहास ऐकवला, तरी बादली भरेना.

ठेकेदाराचा हप्ता थांबलाय, आणि पंप त्याने स्वतःच्या खर्चाने बदलायचाय, हे तुला ठाऊकच आहे. संस्थेच्या सभेत मला काढलं. ठराव न्हाव्यानेच मांडला. घरी येऊन रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं! दुसऱ्या दिवशी तोच न्हावी व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते विचारायला आला. दाखवला.

सुट्टीत ये, अगदी न कळवता ये. घरभर पसारा आहे. पलंगाखाली मात्र काही नाही.

तुझा
धाकटा