ज्येष्ठा अलीकडे, कनिष्ठा पलीकडे

जानेफळ,
५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुचितास आईचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंस नमस्कार, लेकरांचे गालगुच्चे.

फोन असून पत्र काऊन, असं म्हणशील. मले ऐकू कमी येते म्हणून मी फोनवर वरडते, अन् माहं वरडणं भिंतीच्या दोन्हीकडं जाते. तुह्या भावांनी अंगणात भिंत घातली, पण कान तिले मोठेच ठेवले. म्हणून गजेंद्रची पोरगी काजल लिहून राह्यली, मी सांगून राह्यली.

भांडण कशाचं, तर कुरडयांचं. उन्हाळ्यात मोठ्या सुनेनं अंगणात कुरडया वाळू घातल्या, अन् गोकुळनं त्यांच्यावरून ट्रॅक्टर नेला. गजेंद्र म्हणे मुद्दाम नेला, गोकुळ म्हणे दिसल्याच नाहीत. एका ताटात जेवलेले दोघं, कुरडयांच्या चुऱ्यावर वेगळे झाले. विटा आल्या, गवंडी आला. माही खाट गजेंद्रकडं राह्यली, न्हाणीघर गोकुळकडं गेलं. गजेंद्रनं नवं बांधलं, पण त्याची पायरी अशी उंच की मले हत्तीवर चढल्यासारखं वाटते. मग मी बादली-साबण घेऊन रस्त्यानं वळसा घालते. कौशल्याबाई ओट्यावरून विचारते, कुठं निघाल्या? मी म्हणते, काशीले.

हे सारं मी गिळलं. पण वाटणीत ह्या दोघांनी महालक्ष्म्यांचे मुखवटेही वाटून घेतले! ज्येष्ठा मोठ्याले, कनिष्ठा धाकट्याले. आता दोघंही बाजारातून एकेक नवी जोडीदारीण आणतो म्हणून राह्यले. सुचे, बहीण बाजारात भेटते काय? लग्न होऊन आली तेव्हापासून मी त्या दोघी शेजारी बसवल्या. तीन दिवसांच्या माहेरपणाले यायचं अन् बहिणीचं तोंड दिसायचं नाही, मग मी कोणत्या तोंडानं आंबील वाढू? तू त्या दोन बैलांना समजाव.

माया पातळ होऊ देजो नको.
तुही आई, सोजराबाई
(अंगठा)

*

शेगाव,
१३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आईस सुचिताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. काशीचं वाचून हे खूप हसले, मला मात्र हसू आलं नाही.

दोघांनाही फोन केला. दादा म्हणाला, पहिली वीट गोकुळनं काढावी. गोकुळ म्हणाला, भिंतीचं आधी कोणी काढलं, ते दादाला विचार. मी म्हटलं, माझं राहू द्या, निदान देवींसाठी तरी वाट ठेवा. तासभर डोकं खाल्ल्यावर दोघे कसेबसे खिडकीवर आले. भिंतीत खिडकी पाडायची, म्हणजे दोघी एकमेकींना पाहतील. पण दादाला तिला गज हवेत आणि गोकुळला त्याच्या बाजूनं कडी! मी फोन आपटला.

आई, तू दोन्ही मुखवटे घेऊन इकडंच ये. आमच्या न्हाणीघराला पायरीच नाही. हे म्हणतात, सासूबाई आल्या की मलाही चहात साखर जास्त मिळते.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी सुचिता

*

जानेफळ,
४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुचितास अनेक उत्तम आशीर्वाद.

येडे, घरच्या महालक्ष्म्या लेकीच्या घरी नेत नसतात, हे तुले मीच शिकवलं. अन् त्या खिडकीले मी साफ नाही म्हटलं. देव्या बसवायच्या का जेलात टाकायच्या?

मग मी काय केलं, ऐक. भिंत रस्त्यापाशी जिथं सरते, तिथं चौरंग मांडला. अर्धा इकडं, अर्धा तिकडं. दोघांना सांगितलं, ज्याले माय पाहिजे त्यानं मुखवटा घेऊन बाहेर यावं. आले. तोंडं अशी की एरंडेल पाजलं. ताडपत्रीचं एक टोक गोकुळनं ताणलं, दुसरं गजेंद्रनं बांधलं. सुनांनी दोन पातेल्यांत आंबील आणली, मी दोन्ही एकाच गंजात ओतल्या. गावानं बोटं चाटली.

मले वाटलं, आता तरी बोलतील. पंगतीत गजेंद्रले मीठ पाहिजे होतं. मीठ गोकुळच्या मांडीपाशी. तर गजेंद्रनं वाढणाऱ्या काजलले हाक मारली, पण भावाले म्हटलं नाही. आळणीच जेवला असता मेला!

परवा त्या दोघी निघाल्या. भिंत आहे तिथंच आहे, मी आजही बादली घेऊन काशीले जाणारच आहो. पण जाता जाता एक केलं. मुखवटे मीच फडक्यात बांधले, अन् बांधताना बदलले. मोठ्याकडं धाकटी गेली, धाकट्याकडं मोठी. पुढच्या साली फडकं सोडतील, तेव्हा एकमेकाचं दार वाजवावंच लागन. मग मी असो का नसो. कनिष्ठा कोणती ते तुले सांगायले नको, तिच्या गालाचा पोचा तूच लहानपणी पाडला. कोणापाशी बोलजो नको. काजललेही शपथ घातली.

लोभ आहे तो उतू जाऊ देजो, पण सांडू देजो नको.
तुही आई, सोजराबाई
(अंगठा)

ता. क. आत्या, आजी 'काशीला' गेली आहे, म्हणून हे माझ्या मनानं लिहिते. बाबांनी परवाच पेटीत ठेवताना फडकं सोडलं. गालावरचा पोचा अंगठ्यानं चाचपला. मला वाटलं, आता ओरडतील आणि मला तिकडं पिटाळतील. पण त्यांनी फडकं पुन्हा बांधलं आणि पेटी लावली. तिकडून काकाही अजून आले नाहीत. दरवर्षी दोन्ही मुखवटे चिंचेनं घासून ठेवतात ते काकाच. आपल्या हातात कोणती आहे हे त्यांना कळलं नाही, असं होणार नाही. आजीला सांगू की नको, ते तूच कळव.
— काजल