दादाचं ‘ओव्हर’

प्रिय चिमणे,

तुझा फोन आजही बंद, म्हणून हे पत्र. तू दिलेल्या पत्त्यावर ते पाठवलेलं नाही, हे पाकीट बघूनच तुझ्या लक्षात आलं असेल.

बाबा बरे आहेत, म्हणजे जेवतात. दादाचे बूट अजून रोज पॉलिश करतात. मी म्हटलं, “अहो, कोण घालणार आहे ते?” तर म्हणाले, “धूळ बसते गं.”

तुला आठवतं, दादा नवीन नवीन पोलिसात लागला तेव्हा घरातही वायरलेसवर असल्यासारखा बोलायचा? “दादा टू आई, भूक लागलीय, ओव्हर!” मी पडले कॉन्व्हेंटची. लगेच सुनावायचे, “ओव्हर म्हणजे संपलं. भूक संपली असेल तर ताट उचलते.” तुम्ही दोघं हसून हसून लोळायचात. “अगं मडमबाई,” तो म्हणायचा, “ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल.” आणि तू मागून, “तिला कशाला शिकवतोस? ती ओव्हरची वाट थोडीच बघते!”

काल त्याचे साहेब आले होते. चहाच्या कपाशी चाळा करत त्यांनी सांगितलं. नाकाबंदीत एक गाडी थांबत नाही असं दिसल्यावर त्याने सोबतच्या हवालदारांना बाजूला ढकललं. वायरलेसवर गाडीचा नंबर सांगितला आणि “ओव्हर” म्हणाला. तेवढ्यातही तो शब्द गाळला नाही गं माझ्या पोराने. कंट्रोलवरची मुलगी बोलली. पुन्हा पुन्हा बोलत राहिली. ऐकायला तो नव्हता.

उठताना साहेब कौतुकाने म्हणाले, “तुमची लेकही पोलिस ट्रेनिंगमध्ये चमकतेय. दादाचंच ठाणं मागितलंय तिने.” मी हसले त्यांच्यासमोर. दार लावलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. तू तर पुढच्या परीक्षेचा अभ्यास चाललाय म्हणाली होतीस ना? म्हणून हे पत्र थेट ट्रेनिंग सेंटरवर. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते आणखी एका जोडाला पॉलिश करायला लागतील, मला बघवणार नाही.

रागावले नाहीये मी. पण नको गं चिमणे. आईने लेकीच्या पाया पडू नये म्हणतात, मी पडते. मला माझं एक तरी मूल दारातून आत येताना दिसू दे. आणि नाहीच ऐकायचं ठरवलं असशील, तर तेही तुझ्या तोंडून सांग, हवं तर भांड माझ्याशी, पण गप्प राहू नकोस. या घराला आता तिकडून काहीच न येणं सोसत नाही.

माझं झालं. ओव्हर.

फोनपाशी बसलेली,
तुझीच आई