जपानी आजीचा किमोनो

३ जानेवारी २०२५
पूर्णिमानं जपानी आजीचं प्रेत करून ठेवलं!
किमोनोची उजवी बाजू डावीवर काढली आहे. तिकडे असा किमोनो फक्त मेलेल्या माणसाला घालतात. आणि आमची आजी नातीला गोष्ट सांगत बसली आहे! माझं पुस्तक म्हणजे आशियातल्या आज्यांच्या बारा गोष्टी, मुलांसाठी — आणि पहिल्याच चित्रात हे. पुण्याची संपादक ऋता म्हणते, "मॅडम, लहान मुलांना काय कळतंय?" मुलांनाच कळतं! मोठ्यांना कळायचं बंद होतं.
पूर्णिमाला फोनवर म्हटलं, "डोळे मिटून काढतेस का गं?" तिनं फोन ठेवला.

५ जानेवारी
फोन नाही.

८ जानेवारी
कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला इंग्लंडचे सगळे राजे पाठ. जपान म्हणजे नकाशाच्या कडेचा ठिपका! सिस्टरची पाठ वळली की मी पूर्णिमाच्या कानात पुटपुटायची — ड्रॅगन काढ, त्यावर चीनची राणी बसव. ती वहीच्या मागच्या पानावर काढायची. एकदाही नाही म्हणाली नाही. सापडलो तेव्हा दोघी व्हरांड्यात गुडघ्यांवर. काय दिवस होते! हे पुस्तक खरं तर त्या मागच्या पानावरच सुरू झालं. ती नसेल तर मला ते नकोच.

११ जानेवारी
शिवाजी पेठेत तिच्या घरी गेले. कामवाली आक्का दारातच — "बाई न्हाईत घरात. म्हंजे, तसं सांगा म्हणाल्यात की!" आतून पूर्णिमाचा खोकला. तशीच परतले. ऋता म्हणते, दुसरा चित्रकार बघू.

१४ जानेवारी
नव्या चित्रकाराला पाठवायचा म्हणून माझ्या सूचनांचा कागद काढला. माझंच अक्षर, सिस्टरनं घोटून घेतलेलं — "किमोनो : उजवी बाजू वर."
फोटो समोर ठेवून लिहिलं होतं. माझ्या उजवीकडची ती फोटोतल्या बाईची डावी! चाळीस वर्षं शिकवलं मी, आणि एवढं कळू नये? पूर्णिमानं मी लिहिलं तेच काढलं होतं.

१५ जानेवारी
तिळगूळ घेऊन गेले. दार तिनंच उघडलं. उंबऱ्यातच सांगून टाकलं — चूक माझी.
"ठाऊक होतं की. काढतानाच कळलं मला."
"मग बोलली का नाहीस?"
"तुला कोण सांगणार? शाळेपासून भिते मी तुला."
तिळगूळ चघळत म्हणाली. अगदी सहज.