काटा पडला तर खरं

सुरत,
९ एप्रिल १९९८

प्रिय सुंदराताई,

तुला आणि सुकदेव भाऊजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. इकडे सगळे बरे आहेत. सासऱ्यांचा खोकला उतरला, सासूबाईंचे पापड झाले, आणि उकाडा असा की विचारू नकोस. तुझं पत्र पोचलं. आमच्याकडे पत्र एकट्याने वाचायची रीत नाही, तुला ठाऊकच आहे. ह्यांनी पाकीट फोडलं, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, आणि भाऊजींच्या घोरण्याचं आलं तिथे सासरे पोट धरून हसले. तेव्हा जरा जपून लिहीत जा बाई!

तू विचारलंस, पीएच.डी. झाली, आता आणखी काय शिकतेस? अगं, शिकत नाही, शिकवते, आणि तेही कॉम्प्युटरला. लहान पोराला दहा आंबे दाखवले की अकरावा ते आपोआप ओळखतं ना, तसंच. फक्त मी आंबे दाखवत नाही, बायकांची उत्तरं दाखवते. प्रश्न एकच: घरी मारतात का?

असल्या प्रश्नाला कोण खरं सांगेल? म्हणून एक युक्ती. बाईने पदराआड नाणं उडवायचं, कुणाला दाखवायचं नाही. छापा पडला तर काही विचार न करता 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं काय ते सांगायचं. म्हणजे 'हो' तिचं की नाण्याचं, हे मलाही कळत नाही. शेकडो उत्तरांतून नाण्याचा वाटा वजा केला की कसल्या घरांत मार जास्त ते यंत्र शिकतं, आणि बाई झाकलेली राहते. दोन वर्षं ह्या एका गोष्टीवर घालवलीत मी. मला हे काम फार आवडतं, ताई. खरंच.

हे मला रोज स्कूटरवर कॉलेजला सोडतात आणि संध्याकाळी फाटकापाशी हजर असतात. लॅबमधल्या मुली म्हणतात, काय नशीब काढलंस! मी हसते. लॅबमध्ये एसीची थंडी असते, म्हणून उन्हाळ्यातही लांब बाह्यांचेच ब्लाउज घालते.

गेल्या महिन्यात नवागामच्या आमच्या गल्लीतल्या बायकांना घरी बोलावलं. बहुतेकींचे नवरे कापडाच्या लूमवर कामाला, त्यामुळे दुपार मोकळी. शेजारच्या पार्वतीने नाणं उडवलं आणि 'हो' म्हणून खिदळली. मग सासूबाई पुढे सरकल्या. "मी बी उडावस." त्यांच्या हातून नाणं निसटलं आणि माझ्या पायाशी येऊन पडलं. काटा. त्यांनी नाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ 'हो' म्हणाल्या. मग नाणं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. "मन्ही पाळी व्हयनी. आते तुन्ही."

तेवढ्यात हे दारात येऊन उभे राहिले. बायकांनी पदर सावरले. मी नाणं उडवलं. काटा पडला. मी 'नाही' म्हटलं, आणि वर हसलेसुद्धा.

कळलं ना तुला? नियम माझा, पद्धत माझी, आणि खोटं बोलले तीही मीच. गजेंद्र मारतो, ताई. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. परवा हातात उलथणं होतं, तापलेलं. त्याला 'हे' म्हणायला आता जीभ वळत नाही.

आणि बघ कशी अडकलेय. उत्तरांचा हिशोब लागला. यंत्र म्हणतं, ह्या गल्ल्यांत मार फारसा नाही. लॅबचे सर खूश, निबंध छापायला पाठवू म्हणतात. मी म्हटलं, 'नाही' म्हणणाऱ्या घाबरून बोलल्या असतील. सर म्हणाले, "पुरावा काय, सुषमा?" पुरावा म्हणजे मीच की! तोंड उघडलं तर आज कॉलेजभर, उद्या घरी. नाही उघडलं तर सगळं ठीक आहे असं माझ्या नावाने छापून येणार. घरात तो, लॅबमध्ये हा निबंध, आणि मधल्या रस्त्यावर स्कूटर.

सासूबाईंचं तुला सांगायला नको होतं. असलं गुपित राखणं हेच तर माझं काम. भाऊजींनाही बोलू नकोस. सासऱ्यांबद्दल तसंही कुणाला खरं वाटणार नाही.

काल तांदूळ निवडताना मान वर न करता त्या एवढंच म्हणाल्या, "आखाजीले बहिनले बलाव." आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तूच. अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या सणाला, माहेरचा मुराळी न्यायला दारात उभा राहिला की लेकीला अडवायचं नाही, एवढी लाज ह्या घराला अजून आहे. भाऊजींना पाठव. नको, तूही ये त्यांच्याबरोबर. हे पत्र मैत्रिणीच्या हातून पोस्टात टाकतेय, ह्यातल्या कशाचंही उत्तर देऊ नकोस. आखाजीला न्यायला येतो, एवढंच लिही. ते खुशाल मोठ्याने वाचू दे त्याला.

सरांना तिकडूनच लिहीन, मी कुठे आणि का खोटं बोलले ते. इथे बसून ते मला जमत नाही, भीती वाटते.

एकच मागते. आखाजी सरली की भाऊजी म्हणतील, गजेंद्रराव वाट बघत असतील. लोकही म्हणतील. कदाचित मीच म्हणेन, तसं काही नव्हतं गं, आणि कपडे भरायला घेईन. तेव्हा माझं ऐकू नकोस. मला परत पाठवू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी धाकटी
सुषमा