पातळ जेवणाची तालीम

आये, येत्या सोमवारी माझ्या जबड्याचं ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी वीर स्टेशनवरून गाडी पकडून आम्ही मुंबईला जाणार. खालचा जबडा कापून मागे सरकवतात आणि बारीक पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. त्यानंतर पाच-सहा आठवडे चावायचं काहीच नाही. सगळं पातळ, तेही गाळून. सुरुवातीला वरचे-खालचे दात रबरांनी आवळलेले असतील, त्यामुळे बोलणंही जमणार नाही. लिहून सांगायची सवय हवी म्हणून आज कागद घेऊन बसले, आणि ‘पाणी दे’, ‘उशी दे’ असलं काही लिहायच्या ऐवजी तुलाच लिहायला लागले.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, “घरात आणखी कुणाचा जबडा असा पुढे आहे?” मी म्हटलं, “आईचा होता.” तेवढं बोलताना आपल्या वाडीवरचं घर डोळ्यांपुढे आलं. सगळ्यांची जेवणं झाली आहेत. गोठ्यात म्हशी रवंथ करतायत. तू चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली आहेस, नाचणीची भाकरी ताकात कुस्करतेस आणि तिचा लगदा होईपर्यंत वाट बघतेस. मला वाटायचं, तुला भाकरी तशीच आवडते. तुझे खालचे दात वरच्यांच्या पुढे होते, ते एकमेकांना लागतच नव्हते, हे मला कळलं ते माझं तोंडही तसंच होऊ लागल्यावर. मी दहा-अकरा वर्षांची असेन. पेरू पुढच्या दातांनी तुटेना म्हणून मी मान वाकडी करून तो दाढेखाली धरला. तू गोठ्यातून येत होतीस, तिथेच थांबलीस. “माझाच तोंड आलाय गो तुला,” म्हणालीस.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तू मला घेऊन डोंगर उतरलीस. पोलादपूरचे डॉक्टर म्हणाले, हाडांची वाढ पुरी होईपर्यंत काही करता यायचं नाही, मग मोठ्या शहरात ऑपरेशन करावं लागेल. बाकीचं तुला किती समजलं ठाऊक नाही. तू एवढंच विचारलंस, “पण व्हतंय ना?” ते “होतं” म्हणाले तेव्हा तुझा चेहरा असा काही उजळला, की जणू ते तिथल्या तिथे झालंच होतं. येताना तू मला लाकडी मुठीचा छोटा चाकू घेऊन दिलास आणि वर दोन पेरू. “कापून खा. पण खा.” गाडीची वाट बघत आपण दोघींनी पेरूच्या पातळ फोडी खाल्ल्या. बी मात्र तू गिळून टाकत होतीस.

तुझं एक बोलणं अजून कानात आहे. चुलतबहिणीच्या लग्नात मी बायकांमध्ये बसून हसत होते आणि हसताना तोंडावर हात धरत होते. तू मागून आलीस, माझं मनगट धरलंस आणि हात खाली ओढलास. चारचौघींत. “हात खाली घे. मी झाकला तेवढा पुरे झाला.” मला रडू आलं, राग आला. तुझा स्वतःचा पदर त्या वेळीही ओठांवरच होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, मी बारावीत असताना, तू तापाने गेलीस. पुढे डीएड, महाडच्या शाळेतली नोकरी, लग्न, मुलगी. जबडा राहून गेला. आता मात्र कानापाशी सतत ठणकतं, दाढा झिजल्यात, आणि वर्गात ‘स’ म्हटलं की पहिलीतली पोरं ‘श’ लिहितात.

सासूबाईंना आधी हे मुळीच पटलं नव्हतं. त्या कापडे गावच्या, भातशेतीतल्या, बोलायला रोखठोक. “चांगली हाडा कापून घ्यायची? लगीन झाला, पोरगी झाली. आता तोंड कुणाला दाखवायचा हाय?” नवरा काही बोलणार होता, मीच त्याला थांबवलं. म्हटलं, “आई, मी आजवर भाकरीचा तुकडा दाताने तोडलेला नाही. एकदा तोडून बघायचाय.” त्या दुसऱ्या दिवशी गावी निघून गेल्या. मला वाटलं, रुसल्या. चार दिवसांनी एसटीतून उतरल्या त्या नाचणीची पिशवी, कुळीथ आणि घरच्या तुपाची बरणी घेऊन. दारातच म्हणाल्या, “पातळ म्हंजे किती पातळ, ता आधी सांग.”

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात दुसरं काही चाललेलं नाही. नाचणी भिजवली, मोड आणले, वाटून फडक्यातून गाळली आणि खाली बसलेलं सत्त्व उन्हात वाळवलं. काल मी ठरवलं, एक दिवस तालीम करायची. दात मिटून ठेवायचे आणि मोठ्या सिरिंजने गालाच्या कडेने जेवायचं. सकाळची पेज छान गेली. कुळथाचं कढण गेलं. दुपारी नवऱ्याने हौसेने कोंबडीचा रस्सा मिक्सरमधून काढला, तो सिरिंजच्या तोंडाशी अडकला. मी जोर लावला आणि रस्सा सुटला तो थेट समोरच्या भिंतीवर. मुलगी हसून हसून जमिनीवर लोळली. मला मात्र एकदम रडू फुटलं. भूक लागली होती, जबडा दुखत होता, आणि असे इतके आठवडे काढायचे या विचाराने धीरच सुटला.

सासूबाई काही समजवायला आल्या नाहीत. त्यांनी रस्सा बारीक गाळणीतून गाळला, मग फडक्यातून पुन्हा गाळला, त्यात तूप घातलं. मग दुसरी सिरिंज काढून स्वतः भरली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. “मी पण बघतंय काय लागताय ता.” तोंड मिटून, डोळे बारीक करून त्यांनी रस्सा आत सोडला, थोडा हनुवटीवर ओघळला. “मीठ कमी हाय,” म्हणाल्या. “बाकी व्हईल. निभल.” आम्ही दोघींनी तसंच जेवण केलं. संध्याकाळपर्यंत माझा हात चांगला बसला होता. रात्री झोपताना पोट भरलेलं होतं, आये. खरंच भरलेलं होतं.

मुलीने आज विचारलं, “आई, तू नंतर वेगळी दिसशील?” मी म्हटलं, थोडी. तिचा जबडा पुढे कसा वाढेल, ते आत्ताच सांगता येत नाही. वाढलाच तसा, तर काय करायचं हे तिला घरातच बघायला मिळेल, आणि भिंतीवर उडालेल्या रश्श्यासकट सगळं लक्षात राहील. याचं मला फार बरं वाटतं.

हे कागद मी घडी करून साड्यांखाली ठेवीन. ते कुणाला दाखवायचे नाहीत, कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. सगळ्यांना मी भाकरीचं सांगते, दुखण्याचं सांगते, आणि तेही खरंच आहे. पण मागच्या खेपेला डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर माझा ऑपरेशननंतरचा चेहरा दाखवला. अंदाजच तो. तरी त्यातली बाई छान दिसत होती. तिच्यात तू कुठेच नव्हतीस, हे मला पहिल्याच नजरेत कळलं. तरीही ती मला आवडली, आये. डॉक्टर फोनवर बोलत होते तेवढ्यात मी तिला पुन्हा एकदा बघून घेतलं.